एक सभा, दोन गावं

माईक हातात असला की साळवेअण्णा छापील मराठी बोलायचे. ‘सन्माननीय व्यासपीठ आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो’ असं त्यांनी सुरू केलं की नवख्या माणसाला वाटावं, हे पुण्याहून बोलावलेले कुणी प्राध्यापक आहेत. माईकचं बटण बंद झालं की त्याच दमात, ‘आरं, त्यो पंखा कुणी लावला? हाराची फुलं उडून चालली ना राव!’ हे दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत, हे मला पहिल्या वेळी पटलं नव्हतं. मी मान वळवून दुसरा माणूस शोधला होता.

त्यांचा धंदा सभांचा. कार्डावर छापलं होतं, ‘सभा, मेळावे, सत्कार, निरोप व शोकसभा यांची संपूर्ण व्यवस्था’. खुर्च्या, सतरंज्या, माईक, हार, चहा आणि बोलणारा माणूस हे सगळं त्यांच्याकडे एकत्र मिळायचं. बोलणारा माणूस म्हणजे ते स्वतः. जुन्नरात मंडपवाले बरेच होते, पण मंडपाबरोबर सूत्रसंचालन देणारे अण्णा एकटेच. लग्नं मात्र घेत नसत. ‘लग्नात कोण कुणाचं ऐकतंय? ती जेवायला आल्याली मान्सं. सभेला मानूस ऐकायला येतो. निदान तसं दाखवतो तरी.’

अंगाने बारीक, बुटके. बारा महिने तपकिरी सफारी. सभा सुरू होण्याआधी खिशातला कंगवा काढून केस नीट करायचे, शोकसभा असली तरी. ‘मागच्यांना ऐकू येतंय का?’ हा प्रश्न सगळेच सूत्रसंचालक विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. अण्णा थांबायचे. मागून ‘हो’ आलं नाही तर माईक खाली ठेवून, पायऱ्या उतरून, शेवटच्या रांगेपर्यंत चालत जायचे आणि तिथल्या एखाद्याकडून ‘येतंय’ वदवून घेऊनच परत वर यायचे. तोवर व्यासपीठावरचे लोक घड्याळं बघत बसायचे. एका सभेत मागे बसलेला म्हातारा म्हणाला, ‘आवो, मला कायमचंच ऐकू येत न्हाई.’ अण्णांनी त्याचा हात धरून त्याला पहिल्या रांगेत आणलं आणि तिथल्या एका नगरसेवकाला उठवून त्या खुर्चीत बसवलं. नगरसेवक पुढची दोन वर्षं त्यांना काम देत नव्हता. अण्णांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या भावाच्या सायबर कॅफेमुळे. मी पुण्याला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकलेली. बी.कॉम. करून घरी परतले तेव्हा जुन्नर माझंच गाव असून मला तिथे बोलायला नको वाटायचं. माझं मराठी चुकत नसे, पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते चुकल्यासारखं उमटायचं. त्यापेक्षा कॅफेच्या काउंटरमागे बसणं बरं. तिथे कुणाला फारसं बोलायचं नसतं.

एका दुपारी अण्णा आत आले, चप्पल दाराशी काढून. आमच्याकडे चप्पल कुणी काढत नसे.

‘मॅडम, ह्या डब्यातून लांबचा मानूस दिसतो म्हंत्यात. खरं का?’

मी म्हटलं, ‘वेबकॅम असला तर दिसतो.’

‘आन त्याला आपन?’

‘आपल्याकडेही कॅमेरा लावला तर.’

‘मंग ठीक. एकाच बाजूनं दिसनं म्हंजी चोरून बघनं झालं.’

मग खुर्ची ओढून बसले आणि मला त्यांचा टेलिफोनचा किस्सा सांगितला. तो मी पुढे त्यांच्याच तोंडून तीन वेगवेगळ्या प्रकारे ऐकला, त्यामुळे त्यातलं जे तिन्ही वेळा सारखं होतं तेवढंच लिहिते. नव्वदच्या दशकात, आमच्या भागात द्राक्षबागा वाढल्या त्या वर्षांत, बागायतदारांचा एक मेळावा अण्णांकडे होता. बोलणारे तज्ज्ञ पुण्याहून निघाले आणि वाटेत त्यांची गाडी बंद पडली. त्यांनी एका बूथवरून मेळाव्याच्या कार्यालयात फोन केला की मी काही पोचत नाही. लोक तर येऊन बसलेले. अण्णांनी फोनची वायर ओढून व्यासपीठावर आणली, फोन अध्यक्षांशेजारच्या खुर्चीवर ठेवला, त्या खुर्चीला शाल घातली आणि रिसीव्हर रबराने माईकला बांधला. तज्ज्ञ भुरी रोगावर बोलायला लागले. पण दर दोन वाक्यांनी थांबायचे. ‘हॅलो? हॅलो? आहात ना?’

‘साहेब, आमी आहोत. सगळी मान्सं माना डोलावत्यात.’

‘मला कशा दिसणार माना?’

यावर अण्णांनी मेळाव्याला सांगितलं, ‘मंडळी, माना हलवू नका. गोष्ट ऐकताना देतो तसा हुंकार द्या.’ आणि दुसरा एक माईक त्यांनी लोकांकडे तोंड करून उभा केला. मग प्रत्येक वाक्यानंतर अख्खं सभागृह ‘हूं’ म्हणायला लागलं. तज्ज्ञांना इतका हुरूप आला की ते थांबेचनात. जेवण गार झालं. बूथवाल्याने शेवटी त्यांना उठवलं असं अण्णा दोन वेळा म्हणाले; तिसऱ्या वेळी लाइन तुटली असं म्हणाले.

तेव्हापासून लोकांकडे तोंड केलेल्या त्या माईकला ते ‘खालचा माईक’ म्हणत. पाहुणा लांबून बोलणार असेल तर वरचा माईक एक वेळ साधा चालेल, खालचा चांगला पाहिजे, असं त्यांचं मत होतं. मी आता पुण्यात ज्या कंपनीत काम करते तिथे अशा सभा रोजच असतात. त्यांना व्हर्च्युअल म्हणतात, हायब्रिड म्हणतात, त्यांची वेगळी माणसं असतात. पण लांबून बोलणाऱ्याला समोरच्या लोकांचा आवाज गेला पाहिजे, ही गोष्ट तिथे अजून शेवटी कुणाच्या तरी लक्षात येते आणि मग धावपळ होते.

अण्णांनी मला कामाला लावलं. म्हणजे विचारलं नाहीच. ‘उद्या दहाला हॉलवर या मॅडम, कॅमेरा घिऊन,’ एवढंच म्हणाले. पुढे मॅडमची ‘पोरी’ कधी झाले ते कळलं नाही. माझं काम व्यासपीठाच्या कडेला, पडद्याच्या आडोशाला. तिथून मला सगळे दिसत आणि मी कुणाला दिसत नसे, म्हणून मी ते काम करत राहिले.

त्यांचे नियम मला एकेक करून कळले. पहिला, तोंड इंटरनेटवर आणि आवाज फोनवर. आमचं इंटरनेट तेव्हा असं होतं की दोन्ही एकदम त्याला झेपत नसत. चित्र अडकलं तरी आवाज चालू राहिला पाहिजे. दुसरा, चहा दोन्हीकडे एकाच वेळी. पुण्याच्या एका कचेरीतून कुणी अधिकारी बोलणार असले, तर अण्णा आदल्या दिवशी त्या कचेरीच्या कँटीनवाल्याला शोधून फोन करायचे, की अमुक वाजता साहेबांच्या टेबलावर कप गेला पाहिजे. ‘आपन हितं भुरके मारायचे आन त्यो बिचारा कोरडा बसून बघनार? त्याला वाटंल आपन बाहेरचे.’ तिसरा, सभेच्या अध्यक्षपदासाठी नाव इथून कुणी सुचवलं, तर अनुमोदन लांबच्या माणसाकडून घ्यायचं. सूचना आणि अनुमोदन हा आपल्याकडे निव्वळ उपचार असतो. कुणीतरी उठून म्हणतो की अमुक यांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं, दुसरा म्हणतो माझं अनुमोदन आहे, आणि अध्यक्ष आधीच त्या खुर्चीत बसलेले असतात. पण अण्णा म्हणायचे, लांबच्याला सुरुवातीलाच बोलायला लावलं की तो सभेत येतो. न्हाईतर तो बघत बसतो.

चौथा नियम एका चुकीतून आला, आणि ती चूक मी डोळ्यांनी पाहिली. एका शाळेचा कार्यक्रम होता. तिथला एक माजी विद्यार्थी दुबईत मोठ्या हुद्द्यावर गेला होता आणि त्याचा सत्कार करायचा होता. त्याला सुट्टी नव्हती. आम्ही कॉम्प्युटरला मोठा टीव्ही जोडून तो व्यासपीठावर टेबलावर ठेवला. मुलगा दिसू लागला, कोट घालून, थोडा आखडून बसलेला. त्याची आई पार्वतीबाई पहिल्या रांगेत, नवी नऊवारी नेसून. सत्काराची वेळ आली. संस्थेचे अध्यक्ष हार घेऊन उठले, इकडेतिकडे बघितलं, गळा कुठे सापडेना, आणि त्यांनी सरळ टीव्हीला हार घातला.

हार घातलेल्या चौकटीत एक माणूस, डोळे किंचित खाली. वर नेमकं चित्र अडकलं.

 एकदोघांनी नकळत हात जोडले. आणि पार्वतीबाई किंचाळल्या, ‘आरं काढ मेल्या, काढ! माजा ल्योक जित्ता हाय!’

मी केबल हलवत होते. फोनवरून दुबईचा मुलगा विचारत होता, ‘काय झालं? आई का ओरडली?’ अण्णांनी माईक ठेवला नाही. त्यांनी टीव्हीवरून हार उचलला, पायऱ्या उतरले आणि तो पार्वतीबाईंच्या गळ्यात घातला. म्हणाले, ‘हा सत्कार ज्या माउलीचा आहे तिनेच तो स्वीकारावा, अशी आपल्या पाहुण्यांची इच्छा आहे.’ पाहुण्यांची अशी इच्छा असल्याचं पाहुण्यांना फोनवरूनच कळलं. टाळ्या पडल्या. पार्वतीबाई हार घालून रडत होत्या आणि मधूनच अध्यक्षांकडे रागाने बघत होत्या. त्यानंतर लांबच्या पाहुण्याचा हार त्याच्या घरच्या कुणीतरी सभागृहात घ्यायचा, असं ठरलं. घरचं कुणी नसेल तर हार नाही, नुसत्या टाळ्या.

मला आठवते ती मुख्य सभा मात्र मच्छीमारांच्या संघाची. येडगावच्या धरणावर आणि डिंभ्याच्या धरणावर मासेमारी करणाऱ्यांचा मिळून तो संघ होता. कचेरी जुन्नरला, त्यामुळे वर्षाची सभाही जुन्नरला. येडगावचे लोक घरचं आवरून मोटारसायकलवर अर्ध्या तासात यायचे. डिंभ्याची एसटी आली तर यायची, आणि आली तर परतीची मिळेल याचा भरवसा नसे. पहाटे जाळी काढायची, मासळी विकायची, मग सभेला कधी निघणार? दर वर्षी डिंभ्याचे दोघे-तिघे येत आणि बाकीचे गैरहजर लागत. मग जे काही ठरायचं ते येडगावच्या सोयीचं ठरायचं. कुणी लबाडी करत नव्हतं. नुसते हात मोजले जायचे.

त्या वर्षी संघाला बर्फ तयार करायचं एक यंत्र मंजूर झालं होतं. एकच. ते कुठल्या धरणावर बसवायचं हे सभेत ठरणार होतं. उन्हाळ्यात बर्फाशिवाय मासा दुपारपर्यंत टिकत नाही, आणि मग व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावा लागतो. डिंभ्याचा किसन नावाचा तरुण मच्छीमार अण्णांकडे आला.

‘अण्णा, औंदा तरी आमचं काय तरी करा. आमी येऊ शकत न्हाई आन ते थांबू शकत न्हाईत.’

अण्णा म्हणाले, ‘तुमी येऊच नका. हजेरी मी लावतो.’

हे बोलून त्यांनी स्वतःला अडकवून घेतलं, कारण संघाच्या नियमांत असं काही नव्हतं. होतं ते एवढंच, की हजर सभासदांनी हात वर करून मत द्यावं. हजर म्हणजे काय ते कुठे लिहिलेलं नव्हतं. आजवर तशी वेळ आली नव्हती.

डिंभ्याच्या शाळेत नुकतंच इंटरनेट आलं होतं. अण्णा स्वतः तिथे जाऊन आले, बाकं लावून आले. कॅमेऱ्याची चौकट लहान, तेव्हा कोणी कुठे बसायचं, हात किती वर करायचा हे सगळं शिकवून आले. सभेच्या दिवशी जुन्नरच्या हॉलमध्ये भिंतीवर पांढरा पडदा, त्यावर डिंभं. बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसं, कडेला बायका, मागे फळ्यावर पुसट झालेला पाढा. येडगावचे तात्या आत आले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, ‘साळवे, सिनेमाचा धंदा कधी काढला? तिकीट किती?’

‘तात्या, तुमाला फुकट. तुमी हिरो हाय,’ अण्णा म्हणाले.

ते खरंच होतं. संघात दर सभेला त्या दिवसापुरता अध्यक्ष निवडायची पद्धत होती आणि त्या वर्षी तात्यांची पाळी होती. माणूस मोठ्या पोटाचा, हसरा, मनाने वाईट नव्हे. येडगावच्या एकाने त्यांचं नाव सुचवलं. अण्णा पडद्याकडे वळून छापील मराठीत म्हणाले, ‘या सूचनेला अनुमोदन देण्याची विनंती मी डिंभे येथील सभासदांना करतो.’ फोनवरून किसनचा आवाज आला, ‘आमचं अनुमोदन हाय.’ तात्यांनी पडद्याला नमस्कार केला आणि खुर्चीत बसले.

अहवाल वाचून झाला, चहा झाला, दोन्हीकडे. मग बर्फाच्या यंत्राचा विषय निघाला. येडगावकरांनी आपलं म्हणणं मांडलं, डिंभ्याने फोनवरून आपलं. थोडी वादावादी झाली. ‘तुमच्याकडं लाईट तरी असती का? बरफ काय फुंकून करनार?’ असं येडगावचा एक जण म्हणाला. त्यावर किसन म्हणाला, ‘धरन आमचं, आन लाईट तुमाला. ह्ये बी सांगा की मंग सभेला.’ हॉलमधलेसुद्धा हसले. मग तात्या म्हणाले, आता मत घेऊ.

येडगावचे हात मोजले. डिंभ्याच्या बाजूने हॉलमध्ये तिघांनी हात वर केले. तात्यांनी तो आकडा सांगितला आणि म्हणाले, ‘झालं. ठराव मंजूर.’

अण्णा म्हणाले, ‘अध्यक्ष महोदय, पडद्यावरचे हात राहिले.’

‘त्ये कसं धरायचं? हजर मान्सांचं मत घ्यायचं असतं. आमी ऐकलं त्यांचं. पन ऐकनं येगळं आन हजर असनं येगळं. उद्या अमेरिकेतनं कोन हात वर करंल.’

हॉलमध्ये ‘बरोबर’ असे आवाज उठले. पडद्यावर डिंभ्याचे लोक एकमेकांकडे बघू लागले.  सूत्रसंचालकाने सभेत स्वतःचं मत द्यायचं नसतं हे अण्णा मला नेहमी सांगत. मला वाटलं, संपलं.

अण्णांनी कंगवा काढून केसांवरून फिरवला. मग माईकचं बटण बंद केलं, आणि आपल्या नेहमीच्या भाषेत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘तात्या, मंग एक अडचन झाली. तुमी अध्यक्षच न्हाई.’

‘आँ?’

‘तुमच्या नावाला अनुमोदन डिंभ्यानं दिलं. ते जर हजर नसतील तर अनुमोदन झालंच न्हाई. तुमी उगंच खुर्चीत बसलाय. आन अध्यक्ष न्हाई तर सभा न्हाई. चहाचे पैसे मी मागत न्हाई, जावा घरी.’

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग पहिल्यांदा येडगावच्याच मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने हसलं. ‘तात्या, उठा! खुर्ची सोडा!’ तात्या पडद्याकडे बघत होते. खालचा माईक चालू होता, त्यामुळे हॉलमधलं हसू डिंभ्यालाही गेलं आणि तिकडूनही हसू आलं. तात्या शेवटी पोटावर हात ठेवून स्वतःच हसले. ‘लई वस्ताद हायेस साळवे. धर त्यांचे हात. पन नीट मोजायचं.’

अण्णांनी हे आधीच ठरवून केलं होतं का, ते मला माहीत नाही. अनुमोदन ते नेहमीच लांबून घ्यायचे. मी विचारलं नाही.

डिंभ्याने हात वर केले, आणि नेमकं तेव्हा चित्र अडकलं. सगळे हात वर तसेच राहिले. तात्या म्हणाले, ‘बरं झालं, आता हलायचे न्हाईत.’ अण्णा मला म्हणाले, ‘पोरी, मोज.’ हॉलभर लोक बसलेले. मी आडोशातून बाहेर आले आणि पडद्यावर बोट ठेवत मोठ्याने मोजू लागले. शेवटच्या बाकावर एका म्हाताऱ्या बाईचा हात कानाजवळ होता. वर केलेला म्हणावा तर अर्धा, नाही म्हणावा तर कपाळाच्या वर. तो हात धरला तर डिंभं एका मताने पुढे जात होतं. नाही धरला तर दोन्हीकडचे हात सारखे होत होते, आणि मग अध्यक्षांचं मत. तात्या कुणीकडे जातील ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मी थांबले. हॉलही थांबला. हात वर आहे असं मी म्हटलं असतं तर बहुतेक चाललं असतं. अण्णांचा जीव कुणीकडे होता ते मला माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं.

ते म्हणाले, ‘इचार की. फोन हाय ना.’ आणि स्वतःच फोनवर वाकले. ‘किसन, त्या कडेला बसल्याल्या कोन? भागूबाई? त्यांना फोन दे. भागूबाई, तुमचा हात वर व्हता का?’

थोडी खडखड झाली. मग म्हातारीचा आवाज हॉलभर घुमला. ‘माजा? न्हाई बा. मी डास हाकलत व्हते.’

‘मंग यंत्र तुमाला डिंभ्यात पायजे का न्हाई?’

‘मला कशाला पायजे बरफ? मी मासं वाळवून इकती. ह्यांचं सगळं बरफात ग्येलं तर माज्याकडं कोन देनार मासं?’

मागून किसनचा आवाज आला, ‘ए म्हातारे, घात केलास गं!’ आणि भागूबाईंचा, ‘इचारलं म्हनून सांगितलं. तुला मी न इचारता कधी काय सांगती का?’

दोन्ही ठिकाणचे लोक हसून हसून बेजार झाले. मतं सारखी झाली, तात्यांनी येडगावला मत दिलं, यंत्र येडगावला गेलं. पण तात्या लगेच बसले नाहीत. थोडे ओशाळले होते. म्हणाले, बर्फाची गाडी रोज डिंभ्याला जाईल, तोही ठराव घ्या. तो सगळ्यांनी हात वर करून मंजूर केला. तेव्हा चित्रही हललं. पहिले काही महिने गाडी रोज गेली. मग तिचंही एसटीसारखं झालं.

सभा संपल्यावर अण्णा आणि मी सतरंज्या गोळा करत होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘अण्णा, तुम्ही विचारलं नसतं तर डिंभं जिंकलं असतं.’

‘म्हाईत हाय.’

ते सतरंजी झटकत राहिले. मग म्हणाले, ‘मी तिकडचाच. डिंभ्याच्या अलीकडं आमचं गाव. गावची सभा देवळाम्होरं भरायची. आमच्या लोकांनी लांब बसायचं, वढ्याच्या कडंला. माझे वडील एक सभा चुकवायचे न्हाईत. सगळं ऐकू यायचं त्यांना. घरी आले की मी इचारायचो, दादा, तुमी काय बोल्ले? ते म्हनायचे, मला कुठं कुणी इचारलं?’

अण्णांनी पुढची सतरंजी ओढली.

‘भागूबाईला आज इचारलं. ती काय बी म्हनू दे,’ ते म्हणाले. ‘त्ये टोक धर. सरळ धर, मधी फुगा येतोय.’

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी मिळाली. जायच्या आधीची माझी शेवटची सभा म्हणजे पुन्हा हीच, मच्छीमार संघाची. विषय गाडीचा. ती रोज जायलाच हवी आणि न गेल्यास काय करायचं, यावर मत होणार होतं. या वेळी अण्णा म्हणाले, ‘औंदा मी तिकडं बसतो. इकडं कुणीबी बोलंल.’ हॉलमध्ये एक तरुण शिक्षक सूत्रसंचालन करत होते. पडद्यावर पहिल्या बाकावर अण्णा, केस नीट केलेले, सफारी घातलेली, पाहुण्यासारखे आखडून बसलेले. मला ते जरा हसू येण्यासारखं वाटलं. एरवी सभा चालवणारा हा माणूस असा गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

मत घ्यायची वेळ आली. डिंभ्याने हात वर केले. मी उठून पडद्याशी गेले. आता मला मोजायला लाज वाटत नव्हती. पहिल्या बाकावर बोट ठेवलं तेवढ्यात फोनवरून अण्णांचा आवाज आला.

‘थांब पोरी. दाराजवळच्या दोन बाया चौकटीत येत न्हाईत.’

‘जागा आहे का तिथे?’ मी विचारलं.

‘हाय की. माझी हाय. मी सभासद न्हाई, मला धरू नको.’

ते उठले. कॅमेऱ्याच्या अगदी पुढून गेले, त्यामुळे क्षणभर सगळा पडदा तपकिरी झाला, त्यावर सफारीचं एक मोठं बटण. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. तपकिरी रंग बाजूला झाला तेव्हा पहिल्या बाकावर दोन बाया टेकत होत्या, हात आधीच वर करून.